नव्याने मुक्त झालेल्यांच्या शाळांना शिक्षक कसे मिळवावेत, कुठे नेमावेत : अमेरिकेतील १८६१ ते १८७० चा अनुभव, पायरी-पायरीने

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीतून सुटली. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना साक्षर करण्याला कायद्याने बंदी होती. साउथ कॅरोलायनात तर गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला १७४० पासून दंड होता. सुटका होताच या माणसांनी जमीन, मजुरी आणि ताटातूट झालेली मुलेबाळे यांच्या बरोबरीने शाळा मागितली. मग प्रश्न आला शिक्षकांचा. इतके शिक्षक आणायचे कुठून, पाठवायचे कुठे, त्यांना ठेवायचे कोणाकडे आणि पगार कोणी द्यायचा?

१८६१ ते १८७० या काळात धर्मादाय संस्था, लष्कर, फ्रीडमेन्स ब्यूरो (मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठीचे केंद्र सरकारचे खाते) आणि मुक्त झालेली माणसे स्वतः, अशा चौघांनी मिळून हे काम केले. त्यात काय जमले आणि काय फसले हे पत्रांत आणि मासिक अहवालांत नोंदलेले आहे. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपली, तरी वीटभट्टीवरून किंवा खाणीतून कुटुंबे सोडवण्याचे काम अजून चालू आहे. अशा वस्तीत शाळा उभी करणाऱ्याला त्या दहा वर्षांतून बरेच शिकता येते. म्हणून पुढची मांडणी काळाच्या क्रमाने न करता कामाच्या क्रमाने केली आहे.

पायरी १ : तिथे आधीच कोण शिकवत आहे, ते शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच सर्वाधिक वेळा गाळली गेली. उत्तरेतल्या संस्थांचा समज असा होता की दक्षिणेत पाटी कोरी आहे. प्रत्यक्षात व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला मेरी पीक ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री युद्धाआधीपासून चोरून शिकवत होती. मन्रो किल्ल्याच्या आसऱ्याला आलेल्या पळालेल्या गुलामांसाठी सप्टेंबर १८६१ मध्ये तिने उघड वर्ग सुरू केला. दिवसा मुले, रात्री मोठी माणसे. अमेरिकन मिशनरी असोसिएशन या उत्तरेतल्या प्रॉटेस्टंट धर्मादाय संस्थेने तिलाच आपली शिक्षिका म्हणून मान्यता दिली, आणि ते शहाणपणाचे होते. क्षयाने ती फेब्रुवारी १८६२ मध्ये वारली, पण शाळा टिकली, कारण ती वस्तीतूनच उगवलेली होती.

ब्यूरोचे शाळा तपासनीस जॉन अॅल्वर्ड १८६५ च्या अखेरीस दक्षिणेत फिरले. मुक्त माणसांनी आपापल्या बळावर चालवलेल्या निदान ५०० शाळा असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. कुठे जेमतेम वाचता येणारा तरुण फाटक्या पुस्तकावरून शिकवत होता, तर कुठे लष्करातून परतलेला शिपाई.

म्हणून वस्तीत पोचल्यावर पहिला आठवडा विचारपूस करण्यात घाला. अक्षरओळख कोणाला आहे, इतरांची पत्रे कोण वाचून दाखवतो, हिशेब कोण ठेवतो, रविवारी प्रार्थनेनंतर मुलांना कोण बसवतो, याची नावांसह यादी करा. या यादीतल्या माणसांना बाजूला सारून शाळा उघडली, तर पुढे काय होते ते जॉर्जियातल्या सव्हाना शहराने दाखवले. डिसेंबर १८६४ मध्ये शहर उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैन्याकडे आले. लगोलग तिथल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःची शिक्षण संस्था काढली, वर्गणी जमवली, शिक्षकांची परीक्षा घेऊन निवड केली आणि सुमारे ५०० मुलांच्या शाळा सुरू केल्या. एक शाळा तर जुन्या गुलामबाजाराच्या इमारतीत भरली. सगळे शिक्षक कृष्णवर्णीय होते. मिशनरी असोसिएशनच्या माणसाला मात्र वरच्या जागांवर गोरे शिक्षक हवे होते. पैसा आणि इमारती बाहेरच्यांच्या हाती गेल्या आणि स्थानिक संस्था हळूहळू कोरडी पडली. लोकांनी उभे केलेले असे बळ विझले की ते पुन्हा उभे करायला एक पिढी लागते.

पायरी २ : मागणी लेखी घ्या आणि चार गोष्टी ठरल्याशिवाय शिक्षक पाठवू नका

अनेक ठिकाणी मागणी खालून येई. गावकरी ब्यूरोच्या स्थानिक अधिकाऱ्याला अर्ज देत, तो राज्याच्या शिक्षण अधीक्षकाकडे पाठवी आणि अधीक्षक संस्थांना कळवी. ही साखळी चांगली होती. अर्जात चार गोष्टी स्पष्ट असल्या तरच शिक्षिका रुजू झाल्यावर फजिती टळे :

पहिली, जागा. चर्च असो वा पडकी कोठी, तिचा मालक कोण आणि ती किती दिवस मिळणार? इमारतीला मदत करताना जमीन विश्वस्तांच्या नावे आणि कायम शिक्षणासाठी असावी, असा ब्यूरोचा आग्रह असे. हा आग्रह आजही धरावा. तोंडी परवानगीवर उभी राहिलेली शाळा मालकाचे मन फिरताच रस्त्यावर येते.

दुसरी, शिक्षकाची राहायची सोय. ती कोणाच्या घरी, किती खर्चात?

तिसरी, पट. दिवसाची मुले किती, रात्रीचे प्रौढ किती, आणि त्यांतले मुळाक्षरांपासून सुरुवात करणारे किती?

चौथी, लोकांचा वाटा. सरपण, बाकडी, थोडी फी किंवा शिक्षकाचे जेवण, यांतले काहीतरी वस्तीने उचललेले असावे. गरिबी असूनही लोक हा वाटा देत होते. लुइझियानातला शाळांचा कर थांबवला गेला, तेव्हा तो आमच्यावर बसवा पण शाळा चालू ठेवा, असा अर्ज मुक्त माणसांनीच केला. तो कागद सुमारे ३० फूट लांब होता आणि त्यावर दहा हजारांच्या आसपास नावे होती. बहुतेकांनी सहीच्या जागी फुली मारली होती.

पायरी ३ : निवड

अमेरिकन मिशनरी असोसिएशनने उमेदवारांसाठी काढलेले पत्रक आजही कोणत्याही निवड समितीने समोर ठेवावे असे आहे. त्याचा आशय असा : प्रकृती धडधाकट हवी, कारण हवापालट करायला आजाऱ्यांना पाठवणारी ही संस्था नाही. रम्य कल्पना मनात घेऊन येणारा नको आणि पगारासाठी येणारा नको. आपल्या गावी जमले नाही म्हणून निघालेला तर नकोच. चिडका किंवा चमत्कारिक स्वभाव इथे चालणार नाही, कारण चार माणसांत एका छपराखाली राहायचे आहे. आणि शिकवण्याचा, विशेषतः वर्ग ताब्यात ठेवण्याचा अनुभव हवा.

शेवटची अट कोरडी वाटते, पण तीच खरी चाळणी होती. पहिल्या दिवशी समोर साठ-सत्तर मुले, कधी शंभरही, वय सहापासून साठपर्यंत आणि पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सेवाभाव कितीही असला, तरी ज्याने वर्ग सांभाळलेला नाही तो आठवड्यात गळून जातो.

निवडीसाठी लेखी अर्ज आणि ओळखीच्यांची शिफारसपत्रे मागवली जात. पत्रांवर विसंबताना एक काळजी घ्या : शिफारस करणारा बहुधा चारित्र्याबद्दल भरभरून लिहितो आणि शिकवण्याबद्दल गप्प बसतो. म्हणून उमेदवाराने शेवटचा वर्ग कधी घेतला, पट किती होता, मुले कोणत्या वयाची होती, हे थेट विचारा.

या निवडीत दोन दोष होते. एक, पंथाचा. मिशनरी असोसिएशनला प्रॉटेस्टंट पंथातलीच आणि ठरावीक श्रद्धेची माणसे हवी असत, तर दुसऱ्या काही संस्थांना ही अट मान्य नव्हती. त्यामुळे एकाच शहरात दोन संस्थांच्या शाळा एकमेकींची मुले ओढत आणि वीस मैलांवरच्या खेड्यात कोणीच नसे. दुसरा दोष अधिक बोचरा आहे. कृष्णवर्णीय उमेदवारांना मागे ठेवले जाई. फिलाडेल्फियातल्या सुशिक्षित घरातली शार्लट फोर्टन हिची बोस्टनच्या समितीकडे दाद लागली नाही. अखेर फिलाडेल्फियाच्या संस्थेमार्फत ती ऑक्टोबर १८६२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर पोचली. असे अडथळे असूनही कृष्णवर्णीय शिक्षक मोठ्या संख्येने या कामात होते. पुढे संशोधकांनी ११ हजारांहून अधिक शिक्षकांची नावे गोळा केली, तेव्हा त्यांत एक-तृतीयांशाहून जास्त कृष्णवर्णीय निघाले. उत्तरेतून आलेली गोरी शिक्षिका हेच चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, पण ते अपुरे आहे. खेड्यापाड्यांत, जिथे गोऱ्या शिक्षिकेला खोली मिळत नसे, तिथे शाळा चालवली ती याच माणसांनी.

पायरी ४ : पगार आणि खर्च कोण उचलणार, ते कागदावर आणा

साउथ कॅरोलायनाच्या बेटांवर मुक्त माणसांसाठी शेती आणि शाळा चालवण्याचा जो पोर्ट रॉयल प्रयोग १८६२ मध्ये झाला, त्यात वाटणी सरळ होती. सरकारने प्रवास, शिधा आणि राहायची जागा दिली, संस्थांनी पगार दिला. पगार साधारण महिना २५ ते ५० डॉलर. मिशनरी असोसिएशन पुढे सामान्य शिक्षिकेला महिना १५ डॉलर आणि राहणे-जेवणे देत असे. ऑक्टोबर ते जून असे नऊ महिने धरले, तर एका शिक्षिकेचा नुसता पगारच १३५ डॉलर होतो. वर जेवणखाण, प्रवास, पुस्तके, सरपण. नवखी समिती फक्त पगाराचा आकडा धरून वर्गणी मागते आणि फेब्रुवारीत तिजोरी रिकामी होते. पगाराइतकीच रक्कम वरखर्चासाठी बाजूला ठेवूनच नेमणुकीचे पत्र काढा.

ब्यूरोची स्थापना मार्च १८६५ मध्ये झाली, तेव्हा त्याच्याकडे शिक्षकांच्या पगाराची तरतूदच नव्हती. इमारतीची दुरुस्ती, भाडे आणि प्रवासाचे परवाने एवढेच त्याला देता येई. अधिकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. शाळेच्या जागेचे भाडे म्हणून ब्यूरो रक्कम देई आणि संस्था तेवढे पैसे शिक्षकाच्या पगाराकडे वळवी. काम चालले, पण ब्यूरोचे शिक्षणकार्य १८७० मध्ये आवरले तशी ही वाटही बंद झाली. सरकारी मदतीवर पगार उभा करताना ती मदत कोणत्या तारखेला संपते, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

पायरी ५ : पाठवण्याची वेळ

शिक्षक सप्टेंबर-ऑक्टोबरात निघत आणि जूनमध्ये परतत. उन्हाळ्यात किनारपट्टीवर हिवताप आणि पिवळा ताप असे. १८६७ च्या साथीने न्यू ऑर्लिन्स आणि गॅल्व्हेस्टनला हाहाकार उडाला. बाहेरून येणाऱ्या शिक्षिकेच्या दृष्टीने हे वेळापत्रक बरोबर होते. मुलांच्या दृष्टीने नव्हते. शरद ऋतूत कापसाची वेचणी ऐन भरात असते आणि मुले शेतात. शाळा उघडायची, वर्ग अर्धा रिकामा दिसायचा, पट वाढायचा डिसेंबर-जानेवारीत, आणि वसंतात पेरणी सुरू झाली की पुन्हा घसरायचा. विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. वीटभट्टी आणि ऊसतोडीचे हंगामही दिवाळीच्या मागे-पुढे सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात.

यावर उपाय तेव्हाही सापडला होता. दिवसाची शाळा, रात्रीची शाळा आणि रविवारची शाळा अशा तीन खेपा. वेचणीच्या दिवसांत रात्रीच्या वर्गावर भर द्यायचा, रविवारी सगळ्यांना एकत्र बसवायचे. पण एकाच शिक्षिकेवर तिन्ही खेपा टाकल्या की ती वसंताच्या आत अंथरूण धरते. रात्रीचा वर्ग स्थानिक साहाय्यकाकडे सोपवा. पायरी १ मधली यादी इथे कामाला येते.

पायरी ६ : राहायची सोय

नेमणुका फसण्याचे हे फार मोठे कारण होते. गोरे घरमालक या शिक्षिकांना खोली देत नसत, आणि देणाऱ्याला गावचा रोष पत्करावा लागे. शहरांत संस्थांनी मिशन होम काढली : एक मोठे घर, सगळ्या शिक्षिका एकत्र, स्वयंपाकपाणी आणि हिशेब बघायला एक प्रौढ व्यवस्थापिका. चांगली व्यवस्थापिका मिळणे चांगली शिक्षिका मिळण्याइतकेच अवघड होते, म्हणून तिची निवडही तेवढ्याच काळजीने करा. या घरांमुळे शहरांत सुरक्षितता आली, पण शिक्षक शहरांतच साचून राहिले.

आणि या घरांत भेदभाव शिरला. ओबरलिन महाविद्यालयाची पदवीधर ब्लांच हॅरिस ही कृष्णवर्णीय शिक्षिका मिसिसिपीतल्या नॅचेझला काम करत होती. तिची व्यवस्था घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर करण्याचा प्रयत्न झाला. तिने १८६६ मध्ये असोसिएशनच्या चिटणिसांना पत्र लिहून ही गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली. जी संस्था मुक्त माणसांना शिकवायला निघाली, तिच्याच जेवणाच्या टेबलावर रंग पाहिला गेला, हे वस्तीतल्या लोकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. एक घर, एक पंगत, एकच नियम, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा. ज्याला मान्य नसेल त्याला निघण्याआधीच थांबवता येते.

खेड्यात मिशन होम परवडत नाही. तिथे वस्तीतल्याच घरी राहणे हाच मार्ग आहे. घरधनिणीला ठरलेली रक्कम दर महिन्याला वेळेवर द्या. शिक्षक ‘पाहुणा’ राहिला तर दुसऱ्या महिन्यात दोघांनाही संकोच होतो.

पायरी ७ : एकटे पाठवू नका

मार्च १८६२ मध्ये न्यूयॉर्कहून ‘अटलांटिक’ बोटीने ५३ जणांची पहिली तुकडी साउथ कॅरोलायनाच्या बेटांकडे निघाली. त्यांत १२ स्त्रिया होत्या. अनेकांना शेतीची देखरेख आणि शाळा दोन्ही करायचे होते, आणि दोन्ही कामे एकमेकांत अडकली. जो मजुरी ठरवतो, तोच शिकवायला लागला की मुले त्याला मालकच समजतात. ही दोन कामे कधीही एका माणसाला देऊ नका.

त्याच बेटांवर टिकलेली शाळा होती लॉरा टाउन आणि एलेन मरी या जोडीची, सेंट हेलेनावरची पेन स्कूल. टाउन एप्रिल १८६२ मध्ये आली. तिला औषधोपचाराचे ज्ञान होते, त्यामुळे शाळेबरोबर घराघरांत तिचा वावर झाला. वर्ग आधी एका मळ्याच्या घरात, मग विटांच्या चर्चमध्ये. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाहून सुट्या भागांत आलेली लाकडी शाळा जोडून उभी केली. टाउन १९०१ मध्ये वारली, तोवर तिथेच होती. एवढा काळ सगळे राहणार नाहीत. बहुतेक जण एक-दोन हंगाम राहत, आणि नियोजन त्यांना धरूनच करावे. पण दोघांची जोडी असली, त्यातल्या एकीला थोडे वैद्यकीय ज्ञान असले आणि दोघींच्या सुट्या एकाच वेळी नसल्या, तर शाळा बंद पडण्याची पाळी क्वचितच येते.

पायरी ८ : मासिक अहवाल

ब्यूरोचा छापील तक्ता दर महिन्याला भरावा लागे. पट, सरासरी हजेरी, सोळा वर्षांवरील किती, मुळाक्षरांत किती, सोपे वाचणारे किती, लिहिणारे किती, गणितात किती. शाळेला पैसा कोणाचा, इमारत कोणाच्या मालकीची, शिक्षक गोरे किती, कृष्णवर्णीय किती, आणि आसपासच्या लोकांची भावना कशी.

शेवटचा प्रश्न गाळू नका. तीच धोक्याची पहिली घंटा असते. आणि पटाबरोबर सरासरी हजेरी मागा. नुसता पट मागितला की तो फुगतो. मुळाक्षरांतली मुले तीन महिने तेवढीच दिसली, तर एक तर नवी मुले सतत येत आहेत किंवा जुनी पुढे सरकत नाहीत. यातले काय खरे, ते अधीक्षकाने जाऊन पाहावे.

पायरी ९ : हल्ला होईल असे धरून चाला

मे १८६६ मध्ये मेम्फिसला तीन दिवस दंगल झाली आणि कृष्णवर्णीयांच्या १२ शाळा व ४ चर्च जळाली. त्याच वर्षी लुइझियानाच्या लाफायेत परगण्यात एडमोनिया हायगेट या कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या खोलीवर गोळ्या झाडल्या गेल्या. सैन्य जवळ असेपर्यंत शाळा चालत. तुकडी हलली की खिडक्या फुटत.

करण्यासारखे हे : शाळेची नोंदवही आणि जमिनीचे कागद शाळेत ठेवू नका. रात्रीच्या वर्गाला येणाऱ्यांनी गटाने जावे. धमकीचे प्रत्येक पत्र तारखेसह वर पाठवा. आणि शिक्षकाला माघार घेण्याचा निर्णय स्वतः घेण्याची मुभा द्या, त्याबद्दल त्याला जाब विचारू नका. त्याच्यामागे राहणाऱ्या कुटुंबांचाही विचार करा. शिक्षक परत जाऊ शकतो. ज्याच्या घरात तो राहत होता, तो कुठे जाणार?

पायरी १० : पहिल्या वर्षापासून स्थानिक शिक्षक घडवा

बाहेरून आणलेले शिक्षक सर्व मुलांना पुरणार नाहीत, हे १८६६ पर्यंत सर्वांना कळून चुकले होते. १८७० च्या सुमारास ब्यूरोच्या देखरेखीखालच्या शाळांत दीड लाखाच्या आसपास विद्यार्थी होते, म्हणजे शाळेच्या वयाच्या मुलांपैकी साधारण दहातले एक. म्हणून अध्यापनाचे वर्ग आणि महाविद्यालये निघाली : नॅशव्हिलची फिस्क १८६६ मध्ये, टॅलाडेगा १८६७ मध्ये, हॅम्प्टन १८६८ मध्ये. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंना शिकवून घरातच शिक्षिका घडवली, ती याच गरजेतून. त्याच जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना.

पद्धत साधी ठेवा. वर्गातली पुढे गेलेली चार-पाच मुले निवडा, सकाळी त्यांना शिकवा, दुपारी त्यांच्याकडून मुळाक्षरांची तुकडी घ्या आणि त्याचे मानधन द्या. मानधन नसेल, तर वेचणी सुरू झाली की तीही शेतात जातात. दुसऱ्या वर्षी त्यांना जवळच्या खेड्यात हंगामापुरते नेमा आणि महिन्यातून एकदा परत बोलावून अडचणी ऐका.

यात एक गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात १८६५ साली मिशनरी असोसिएशनने सुरू केलेल्या एव्हरी संस्थेने उत्तम शिक्षक घडवले. पण शहराच्या सार्वजनिक शाळा ज्यांच्या ताब्यात गेल्या, त्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतही कृष्णवर्णीय शिक्षक नेमायचे नाकारले. एव्हरीच्या शिक्षकांना आपले शहर सोडून खेड्यांत जावे लागे. शहरातल्या वर्गांची दारे त्यांना उघडली ती १९२० मध्ये, मोठ्या सह्यांच्या मोहिमेनंतर. म्हणून शाळा सरकारकडे किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवताना करारात इमारत, बाकडी आणि पट यांच्या आधी एक कलम घाला : शिक्षक नेमणाऱ्या समितीत वस्तीची किती माणसे बसणार आणि त्यांच्या मताशिवाय नेमणूक होणार की नाही.